सांधे आणि ‘वात’ : बीदर-कलबुर्गी सीमाभागाच्या संदर्भात

दोन किंवा अधिक हाडे जिथे एकमेकांना येऊन मिळतात, ती जागा म्हणजे सांधा. तिथे हालचाल होतेच असे नाही. कवटीची हाडे नागमोडी कडांनी एकमेकांत घट्ट बसलेली असतात, तोही सांधाच. दात जबड्याच्या खोबणीत रोवलेला असतो, तोही सांधाच. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागातला मराठी माणूस ‘सांधा’ म्हणतो, शेजारचा कानडी माणूस ‘कीलु’ म्हणतो, बाजारातल्या दखनीत ‘जोड’ चालतो. ‘कीलु’चा दुसरा अर्थ खुंटी किंवा खीळ. हाडांचा जोड आणि सुताराचा जोड लोकभाषेने एकाच घरात ठेवले आहेत, आणि ते शास्त्राला धरूनच आहे. पण सांधा दुखू लागला की बहुतेक घरांत एकच शब्द पुढे येतो : वात. या एका शब्दाखाली निदान सात-आठ निरनिराळे आजार झाकले जातात. काही झिजेचे, काही जंतूंचे, एक डासाने आणलेला, एक पिण्याच्या पाण्यातून आलेला. एकाला जो उपाय लागू पडतो तो दुसऱ्याला निरुपयोगी असतो, कधी घातकही. म्हणून आधी सांधा कसा असतो ते पाहायला हवे.

प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. सांधे किती, हे मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात २१० सांधे सांगितले आहेत : हातापायांत ६८, धडात ५९ आणि मानेपासून वर ८३. त्यांची विभागणी तिथे आधी चल आणि स्थिर अशी केली आहे, मग आकारावरून आठ प्रकार दिले आहेत. त्यांची नावे रोजच्या वस्तूंवरून आली आहेत. उलूखल म्हणजे उखळ, सामुद्ग म्हणजे झाकणाचा डबा, तुन्नसेवनी म्हणजे कापडाची शिवण, वायसतुंड म्हणजे कावळ्याची चोच. खुब्याचा सांधा उखळीसारखा आणि कवटीचा शिवणीसारखा, हे वर्णन आजच्या शरीररचनाशास्त्राच्या पुस्तकातही जवळजवळ तसेच टिकून आहे.

आजचे शास्त्र सांध्यांचे तीन वर्ग करते, आणि ते हाडांच्या मधल्या पदार्थावरून. पहिला वर्ग तंतुमय सांध्यांचा. दोन हाडांमध्ये चिवट तंतूंचा पट्टा असतो आणि हालचाल जवळजवळ शून्य. कवटीच्या शिवणी या वर्गातल्या. बाळाच्या डोक्यावरची टाळू म्हणजे या शिवणी जिथे मिळतात तिथली अजून न भरलेली जागा. मागची टाळू दोन-तीन महिन्यांत भरते, पुढची साधारण दीड वर्षाच्या सुमारास. जुलाब झालेल्या बाळाची टाळू खोल गेलेली पाहून घरातली म्हातारी काळजीत पडते, ती योग्यच. शरीरातले पाणी कमी झाल्याची ती खरी खूण आहे.

दुसरा वर्ग कूर्चामय सांध्यांचा. इथे हाडांमध्ये कूर्चेची गादी असते आणि हालचाल थोडीच होते. पाठीच्या कण्यात अशा २३ गाद्या आहेत. दिवसभराच्या भाराने त्यांतले पाणी थोडे पिळून निघते, रात्री आडवे झाल्यावर परत भरते; सकाळी उठलेला माणूस रात्रीपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर उंच असतो तो यामुळे. ओटीपोटाच्या पुढच्या बाजूचा जघनास्थींचा सांधाही याच वर्गातला. बाळंतपणाच्या आधी तो संप्रेरकांमुळे सैल होतो आणि बाळाला वाट देतो.

तिसरा वर्ग मुक्त हालचालीच्या सांध्यांचा. खांदा, कोपर, मनगट, खुबा, गुडघा, घोटा, बोटे, जबडा सारे यात येतात. हाडांची टोके इथे एकमेकांना चिकटलेली नसतात, मध्ये एक बारीक पोकळी असते. टोकांवर पांढरट, गुळगुळीत कूर्चेचा थर असतो, बहुतेक ठिकाणी दोन ते चार मिलिमीटर जाडीचा. गुडघ्याच्या वाटीच्या मागे तो याहून जाड असतो. साऱ्या सांध्याभोवती तंतूंची पिशवी, म्हणजे संधिकोश. त्याच्या आतल्या बाजूला पातळ अस्तर, आणि ते अस्तर एक चिकट द्रव पाझरते. हा द्रव अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा दिसतो. निरोगी गुडघ्यात तो चमचाभरही नसतो, तरी तेवढ्यावर कूर्चा कूर्चेवरून बर्फावर बर्फ घसरावा त्याहून सहज घसरते. हाडाला हाड बांधणारे पट्टे म्हणजे अस्थिबंध, स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या म्हणजे कंडरा. या दोऱ्या ओढल्या जातात तेव्हा सांधा हलतो. सांध्याला स्वतःचे बळ नाही, ते स्नायूंचे आहे.

कूर्चेचा एक गुण साऱ्या विषयाच्या मुळाशी आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. रक्त पोहोचत नाही म्हणून तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते. भार पडला की ती स्पंजासारखी दबते, भार उतरला की द्रव शोषून फुगते, आणि या दबण्या-फुगण्यात तिला अन्न मिळते. हालचाल बंद झाली की कूर्चा उपाशी राहते. प्लास्टरमध्ये सहा आठवडे राहिलेला सांधा आखडतो त्याला संधिकोशाचे आक्रसणे आणि स्नायूंचे दुबळेपण कारणीभूत असते, आणि काही वाटा याचाही. मज्जातंतू नाहीत म्हणून कूर्चा झिजताना दुखत नाही; वेदना उठते ती आजूबाजूच्या अस्तरातून आणि खालच्या हाडातून, झीज बरीच पुढे गेल्यावर. आणि रक्त नाही म्हणून झिजलेली कूर्चा पूर्वीसारखी भरून येत नाही. ‘गुडघ्याला विश्रांती द्या, आपोआप भरून येईल’ हा सल्ला म्हणून दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे : विश्रांतीने कूर्चा उपाशी राहते, आणि ती आपोआप भरूनही येत नाही.

मुक्त सांध्यांचे प्रकार ज्वारीची भाकरी थापताना एकत्र दिसतात. कोपर वाकते आणि सरळ होते ते दाराच्या बिजागरीसारखे, एकाच दिशेत. पीठ मळताना पंजा उताणा-पालथा होतो तो कोपराजवळच्या खुंटीच्या सांध्यामुळे. तिथे एक हाड दुसऱ्याभोवती कड्यात फिरते. लहान मुलाला एका हाताने झटक्यात उचलले की हे कडे निसटते आणि ‘हात उतरला’ म्हणतात ते हेच. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना उचलताना म्हणून दोन्ही काखांत धरावे. मनगटाचा सांधा लंबगोल, तो वर-खाली आणि आजूबाजूला झुकतो, पण स्वतःभोवती फिरत नाही. मनगटातली लहान हाडे एकमेकांवर नुसती सरकतात. अंगठ्याच्या मुळाशी खोगिराच्या आकाराचा सांधा आहे, आणि त्याच्यामुळेच अंगठा प्रत्येक बोटाला जाऊन भिडतो. बीदरच्या बिदरी कारागिराचा सारा हात या एका सांध्यावर उभा आहे. जस्तात थोडे तांबे घालून ओतलेल्या भांड्यावर छिन्नीने बारीक खाचा पाडून त्यांत चांदीची तार बसवताना अंगठा आणि तर्जनीची चिमूट तासन्‌तास सुटत नाही. पुढे या कारागिराच्या अंगठ्याचे मूळ दुखू लागले तर ते त्याच्या कामाचेच दुखणे समजावे.

खांदा आणि खुबा दोन्ही उखळी सांधे, पण त्यांचा स्वभाव उलटा. खांद्याची उखळ उथळ, त्यामुळे हात सर्व दिशांना फिरतो आणि त्याच कारणाने खांदा शरीरातल्या इतर कुठल्याही मोठ्या सांध्यापेक्षा जास्त वेळा निखळतो. खुब्याची उखळ खोल, भोवतीचे अस्थिबंध दणकट. तिथे हालचाल कमी आणि भक्कमपणा जास्त. मानेत पहिल्या मणक्यावर ‘हो’ होते आणि पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये ‘नाही’. हालचालींची शास्त्रीय नावे बरीच आहेत, त्यांचा अर्थ साधा आहे : वाकवणे आणि सरळ करणे, अंगापासून दूर नेणे आणि जवळ आणणे, जागेवर फिरवणे, आणि या साऱ्यांचे मिळून वर्तुळ. बोटे मोडताना जो कट् आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात अचानक दाब कमी होऊन तयार होणाऱ्या वायूच्या पोकळीचा. त्याने सांधे झिजत नाहीत.

गुडघ्यावर थोडे थांबणे भाग आहे, कारण बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांत सांध्याच्या तक्रारी सर्वात जास्त तिथल्याच ऐकू येतात. गुडघा बिजागरीसारखा दिसतो, पण ती पुरती बिजागरी नव्हे. मांडीच्या हाडाची गोल टोके नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर लोळतातही आणि घसरतातही. त्या दोघांत चंद्रकोरीच्या दोन गाद्या असतात, त्या भार पसरवून देतात. आत एकमेकांना छेदणारे दोन अस्थिबंध, बाहेर दोन बाजूंना दोन. पाय पूर्ण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत हाड किंचित फिरते आणि गुडघ्याला जणू कडी लागते. म्हणून माणूस मांडीचे स्नायू फारसे न ताणता उभा राहू शकतो. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, जिना उतरताना साडेतीन पटींपर्यंत. पाच किलो वजन कमी झाले तर गुडघ्यावरचे ओझे प्रत्येक पावलाला सुमारे साडेबारा किलोने हलके होते.

आता या भागातले काम पाहा. तुरीच्या आणि सोयाबीनच्या शेतात बायका उकिडव्या बसून खुरपतात, बसल्या-बसल्या सरकत ओळ पुरी करतात. शहाबाद, चित्तापूर, सेडमच्या खाणींत फरशीचा दगड काढणारे कामगार गुडघ्यावर किंवा उकिडवे बसून छिन्नी चालवतात. महाराष्ट्रातल्या किती घरांच्या जमिनी त्या गुडघ्यांवर अंथरल्या गेल्या, याची नोंद कुठेच नाही. ऊसतोडीत वाकून कोयता आणि मग मोळी डोक्यावर. बाजार समितीत हमालाच्या पाठीवर तुरीचे पोते. पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यात वाटी मांडीच्या हाडावर फार जोराने दाबली जाते. वर्षानुवर्षे उकिडवे बसून किंवा गुडघ्यावर बसून काम करणाऱ्यांत गुडघ्याची झीज जास्त आढळते, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसले आहे. ही झीज म्हातारपणाची नसून मजुरीची आहे, असे म्हणायला हरकत नाही.

अशा दुखण्याचे प्रमाण खेड्यात किती असते, याचा एक भरवशाचा आकडा मराठी मुलखातच मिळालेला आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात १९९६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने घरोघर पाहणी झाली. चार हजारांवर प्रौढांमध्ये साधारण शंभरात अठरा जणांना सांधे, स्नायू किंवा हाडांचे दुखणे होते. भिगवणसारखेच शेतीचे कष्ट बीदरमध्येही आहेत.

आयुर्वेदाने वाताच्या एका शब्दावर भागवलेले नाही, हे इथे सांगितले पाहिजे. संधिगतवात, आमवात, वातरक्त अशी वेगळी नावे आणि वेगळी लक्षणे तिथे आहेत. लोकव्यवहारात त्यांचा भेद पुसला गेला. तो पुन्हा करायला हवा.

झिजेचा संधिवात सावकाश येतो. चालल्यावर दुखते, बसल्यावर बरे वाटते, सकाळचे आखडणे अर्ध्या तासात सुटते. गुडघा बाहेरच्या अंगाला वाकतो, पायांत धनुष्यासारखी पोकळी दिसू लागते. उपाय कंटाळवाणे आणि खरे : वजन उतरवणे, मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम रोज, उंच पिढ्यावर बसणे, लांब दांड्याचे खुरपे, आणि काठी घ्यायचीच तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. शेवटच्या टप्प्यात सांधा बदलतात. खुबा बदलण्याची आजची पद्धत इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास बसवली. भारतात ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली, त्यामुळे ही शस्त्रक्रिया पूर्वीपेक्षा आवाक्यात आली. मात्र कृत्रिम गुडघ्याने बहुधा उकिडवे बसता येत नाही. शेतमजूर बाईला शस्त्रक्रियेआधी हे स्पष्ट सांगणे डॉक्टरांचे काम आहे.

आमवाताची जात वेगळी. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांची बोटे आणि मनगटे सारखीच सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत नाही, आणि बायकांना हा आजार पुरुषांच्या दोन-तीन पट होतो. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झाले तर बोटे वाकडी होण्यापासून वाचतात. त्यातले मुख्य औषध मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते रोज घेतले गेले तर जिवावर बेतते. याच आजारात बाजारातल्या बेनामी पुड्यांचा आणि झटपट इंजेक्शनांचा सुळसुळाट आहे. दोन दिवसांत सूज उतरते, कारण पुष्कळदा त्यांत स्टेरॉइड असते. मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि सांधा आतून झिजतच राहतो. हा माणसांच्या अडचणीचा घोर गैरफायदा आहे.

कमरेचे आखडणे तरुण मुलाला पहाटे उठवत असेल आणि चालल्या-फिरल्यावर कमी होत असेल तर तो कण्याचा दाहक संधिवात असू शकतो. गादी सरकल्याचे समजून त्याला आडवे पाडून ठेवणे हा उलटा उपाय आहे. वातरक्तात पायाच्या अंगठ्याचे मूळ रात्रीतून लाल होऊन सुजते. रक्तातले युरिक आम्ल सुईसारख्या स्फटिकांच्या रूपात तिथे साचलेले असते.

एकच सांधा, अचानक सुजलेला, तापलेला, हात लावू न देणारा आणि सोबत ताप : हा जंतुसंसर्ग समजावा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पू झालेला सांधा काही दिवसांत कूर्चा खाऊन टाकतो. तिथे लेप, शेक, घट्ट पट्टी काहीही चालत नाही. क्षयरोग मात्र दबक्या पावलांनी सांध्यात शिरतो, विशेषतः कण्यात, खुब्यात आणि गुडघ्यात. शाळकरी मुलाचा घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मोठे सांधे एकामागून एक सुजले तर तो संधिज्वर. सांधे बरे होतात. हृदयाच्या झडपांना झालेली इजा जन्मभर राहते. या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे लागते, आणि सांधे दुखेनासे झाल्यावर ते बंद करण्याची चूक फार घरांत होते.

डासाने आणलेला सांध्यांचा आजार या भागाला नवा नाही. चिकुनगुन्या हे नाव टांझानियातल्या माकोंदे भाषेतले, १९५२-५३ च्या साथीतले. वेदनेने वाकवून टाकणारा असा त्याचा अर्थ. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९७३ मध्ये याची मोठी साथ आली. त्यानंतर तो तीन दशके जणू नाहीसा झाला आणि २००५ च्या अखेरीस आंध्रातून परतला. २००६ मध्ये देशात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले, त्यांतले निम्म्याहून जास्त एकट्या कर्नाटकातले. तेव्हाचा गुलबर्गा (आजचा कलबुर्गी) जिल्हा आणि बीदर दोन्ही त्या लाटेत सापडले. ताप आठवड्यात उतरला, पण घोटे, मनगटे, बोटे महिनोन्‌महिने धरून राहिली. काहींची दोन-तीन वर्षे. विषाणूवर थेट औषध नाही. ताप असताना पॅरासिटामॉल, पुरेसे पाणी, आणि डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन टाळणे, इतकेच. त्यानंतर सांधे हलते ठेवणे.

चिकुनगुन्या पसरवणारा हा डास दिवसा चावतो आणि घरातल्या स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते तिथे रांजण, बॅरल, हौद भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते, आणि नेमक्या तेवढ्याच दिवसांत अंड्याचा डास तयार होतो. भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही काही महिने जगतात, म्हणून पाणी ओतून देणे पुरत नाही, कडा घासाव्या लागतात. टंचाईच्या गावाला ‘पाणी साठवू नका’ सांगणे अन्यायाचे आहे; ‘आठवड्यातून एकदा भांडे कोरडे करून घासा आणि झाकण घाला’ हे सांगता येते.

शेवटचा विकार बोअरच्या पाण्यातून येतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत. ही भारतीय मानकाची मर्यादा आहे. कलबुर्गी आणि तिच्यातून २००९ मध्ये वेगळ्या झालेल्या यादगीर जिल्ह्यातल्या कित्येक खोल विहिरींत ती ओलांडलेली आढळते. वर्षानुवर्षे असे पाणी पोटात गेले की अस्थिबंध आणि कंडरा यांच्यात चुना साचतो. मान वळत नाही, कणा काठीसारखा ताठ होतो, गुडघे-कोपरे पुरती सरळ होत नाहीत. भारतात हा आजार प्रथम १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून नोंदला गेला. १९७३ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी नलगोंडा भागातल्या फ्लोराइडग्रस्त गावांत मुलांचे गुडघे आत वळल्याचे दाखवले. नलगोंड्याचे नाव पाणी शुद्ध करण्याच्या पद्धतीलाही मिळाले : तुरटी आणि चुना घालून फ्लोराइड खाली बसवण्याची ‘नलगोंडा पद्धत’ नागपूरच्या नीरी संस्थेने तयार केली.

या ताठरपणालाही गावात वातच म्हणतात, आणि तेल चोळण्यात वर्षे जातात. साचलेला चुना औषधाने विरघळत नाही. पाणी बदलले तर आजार पुढे जायचा थांबतो, एवढेच. पण कण्याच्या कितीतरी आधी एक खूण दिसते : मुलांच्या दातांवर पांढरे, मग पिवळे-तपकिरी आडवे पट्टे. हे पट्टे घासून जात नाहीत, कारण दात हिरड्यांतून बाहेर येण्याआधीच रंगलेले असतात. शाळेच्या एका वर्गात अशी चार मुले दिसली तर शिक्षकांनी ग्रामपंचायतीला कळवावे, आणि पंचायतीने ती मुले ज्या बोअरचे पाणी पितात त्या बोअरचा नमुना त्याच महिन्यात जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाठवावा.